कार्व्हर म्हटलं की शेंगदाणा आठवतो, पण त्यांचं खरं काम शाळेमागच्या वाफ्यात होतं

कार्व्हर हे नाव निघालं की मराठी वाचकाला सगळ्यात आधी आठवतं वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ साली आलेलं हे पुस्तक कुणाला शाळेच्या बक्षीस समारंभात मिळालेलं असतं, तर कुणी मित्राच्या कपाटातून आणून परत केलेलं नसतं. त्यामुळे गुलामीत जन्मलेला मुलगा शास्त्रज्ञ झाला आणि शेंगदाण्यापासून त्याने ३०० वस्तू बनवल्या, ही गोष्ट बहुतेकांना पाठ आहे.

पण गंमत अशी की त्या ३०० वस्तूंपैकी बहुतेक कधी बाजारात चालल्याच नाहीत. कार्व्हर यांच्या नावावर पेटंट आहेत फक्त ३. आणि पीनट बटर तर त्यांनी शोधलेलंच नाही.

मग आयुष्याची ४६ वर्षं हा माणूस अलाबामात नेमकं करत काय होता?

तर तो लोकांना भाजी लावायला शिकवत होता. आणि लावलेली भाजी खायलासुद्धा. ऐकायला हे काम अगदीच साधं वाटतं. पण त्या काळात, त्या जमिनीवर, घरामागे चार वाफे काढायचे तर जमीनमालकाची परवानगी लागायची आणि ती सहज मिळत नसे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या आसपास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, डायमंड नावाच्या गावाजवळ झाला. नक्की तारखेची नोंद नाही, कारण गुलामांच्या पोरांच्या तारखा कोण लिहून ठेवणार? जॉर्ज तान्हा असताना टोळीवाल्यांनी त्याला आणि त्याच्या आईला पळवून नेलं. मालक मोझेस कार्व्हर यांना बाळ परत मिळालं, आई मिळाली नाही. बाळाच्या बदल्यात मालकाने आपला घोडा दिला, असं सांगितलं जातं.

पोरगा अशक्त होता, सारखा आजारी पडायचा. शेतातली जड कामं त्याला झेपत नव्हती. म्हणून तो घरात राहिला आणि मालकीणबाई सुझन यांच्याकडून स्वयंपाक, धुणं, शिवण आणि परसबाग शिकला. पुढच्या सगळ्या गोष्टीची मुळं इथेच आहेत. शेतीशास्त्राचे बाकीचे प्राध्यापक नांगराकडून शेतीकडे आले, हा माणूस चुलीकडून आला. त्यामुळे पीक किती आलं हा प्रश्न त्यांच्यासाठी अर्धाच होता. आलेलं पीक ताटात कसं जाणार, हा उरलेला अर्धा.

शिकण्यासाठी तो निओशो गावी गेला. तिथे मरायाह वॉटकिन्स या बाईंनी त्याला घरात ठेवून घेतलं. त्या सुईण होत्या, लोकांचे कपडे धुवायच्या आणि त्यांना झाडपाल्याची चांगली जाण होती. कुठली पानं औषधाची, कुठली खाण्याची, हे जॉर्ज त्यांच्याकडून शिकला.

पुढचा प्रवास लांबलचक आहे. एका कॉलेजने पत्रावर प्रवेश दिला आणि कातडीचा रंग पाहून दारातून परत पाठवलं. मग कॅन्ससमध्ये शेती, आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात चित्रकला, आणि शेवटी एम्स इथल्या आयोवाच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश. ते तिथले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिले कृष्णवर्णीय शिक्षक. १८९६ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. तिथल्या एका प्राध्यापकांचा छोटा मुलगा त्यांच्यासोबत रानात झाडं बघत हिंडायचा. हेन्री वॉलेस नावाचा हा मुलगा पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला. मुलांना झाडांच्या मागे लावण्याचं कार्व्हर यांचं वेड टस्कीगीच्या आधीपासूनचं होतं, एवढंच यातून लक्षात घ्यायचं.

दारापर्यंत कापूस

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये बोलावलं. कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी चालवलेली ही शाळा. कार्व्हर शेती विभागाचे प्रमुख म्हणून आले तेव्हा प्रयोगशाळा नावाची वस्तूच नव्हती. उकिरड्यावरच्या बाटल्या, फुटके डबे, जुनी भांडी गोळा करून त्यांनी काम सुरू केलं, हा प्रसंग पुस्तक वाचलेल्यांना आठवत असेल.

खरी अडचण मात्र शाळेच्या कुंपणाबाहेर होती. गुलामी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली. कृष्णवर्णीय कुटुंबं ती बटाईने कसायची. बी, खत, खेचर, वर्षभराचा किराणा, सगळं मालकाकडून किंवा त्याच्या दुकानातून उधार. व्याज भरमसाठ. हंगाम संपला की हिशोब व्हायचा आणि बहुतेकदा कुटुंबच देणं लागायचं. आपल्याकडच्या सावकारीच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

उधारी वसूल व्हायची ती फक्त कापसातून. म्हणून मालकाला प्रत्येक वाव जमिनीत कापूसच हवा असायचा. झोपडीच्या दारापर्यंत कापूस. भाजीचे वाफे काढले तर कापसाची जागा गेली, आणि घरचं खाल्लं तर दुकानातून घेणार कोण? मालकाचं नुकसान दोन्हीकडून.

मग ताटात काय असायचं? मक्याचं पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि काकवी. सकाळी तेच, रात्री तेच, हिवाळा संपेपर्यंत तेच.

अशा जेवणाने पोट भरतं, पण माणूस आतून पोखरला जातो. १९०७ मध्ये अलाबामाच्या एका डॉक्टरने पेलाग्रा या रोगाची साथ नोंदवली. आधी कातडी भाजल्यासारखी होते, मग जुलाब, मग वेड आणि शेवटी मृत्यू. पुढच्या तीसेक वर्षांत दक्षिण अमेरिकी राज्यांत अंदाजे ३० लाख लोकांना हा रोग झाला आणि १ लाखाच्या आसपास लोक गेले. हा संसर्ग आहे असंच बरीच वर्षं मानलं जायचं. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून प्रयोग करून तो जेवणातल्या कमतरतेमुळे होतो हे दाखवलं. ती कमतरता नायसिन या जीवनसत्त्वाची आहे हे कळायला १९३७ साल उजाडलं. (पेलाग्रा आपल्यालाही परका नाही. फक्त ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनमधल्या गरिबांमध्ये तो दिसायचा आणि हैदराबादमध्ये डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर संशोधन केलं होतं.)

कार्व्हर यांना नायसिन माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्यांनी पेलाग्रा बरा केला असा दावा कुणी केला तर तो खोटा. पण ताट एकसुरी आहे आणि त्यात हिरवं काही नाही, डाळीसारखं काही नाही, एवढं त्यांना आल्या आल्या दिसलं होतं. त्यांनी सुचवलेली पिकं बघा. चवळी, रताळं, भुईमूग, टोमॅटो, पालेभाज्या. चवळी आणि भुईमूग कापसाने दमलेल्या जमिनीत नत्र परत आणतात. आणि हीच पिकं माणसाच्या अंगात प्रथिनं घालतात, भुईमुगात तर नायसिनही भरपूर असतं. म्हणजे जमीन आणि माणूस, दोघांच्या कुपोषणावर एकच औषध.

शिवाय चवळी मूळची आफ्रिकेतली. अमेरिकेत ती गुलामांच्या व्यापारासोबत पोहोचली. ज्यांच्या पूर्वजांसोबत हे दाणे समुद्र ओलांडून आले, त्यांच्याच नातवंडांना ते पुन्हा लावायला सांगावं लागत होतं.

पुस्तकं नाहीत, मग वाफा हेच पुस्तक

मोठ्या माणसांना सांगून फारसं बदलत नाही, हे कार्व्हर यांना लवकर उमगलं असावं. कारण ते फार आधी शाळांकडे वळले.

त्या वेळच्या गावातल्या कृष्णवर्णीय शाळा म्हणजे लाकडी खोली, वर्षातले काही महिनेच भरणारी, कारण कापूस वेचायला पोरं लागायची. शिक्षकांचंही शिक्षण जेमतेम. हे शिक्षक उन्हाळ्यात टस्कीगीला प्रशिक्षणाला यायचे आणि कार्व्हर त्यांना निसर्ग अभ्यास शिकवायचे.

१९०२ मध्ये त्यांनी निसर्ग अभ्यासावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि १९१० मध्ये खास गावातल्या शाळांमधल्या बागकामावर एक पत्रिका. टस्कीगीच्या प्रयोग केंद्राच्या मालिकेतली ही १८ वी. कल्पना अशी की शाळेच्या आवारात बाग असावी, मुलांनी स्वतः हाताने ती करावी आणि शिकवण्याचे बाकीचे विषय तिथूनच निघावेत. वाफा मोजला की गणित, रोपाचं चित्र काढलं की चित्रकला, हे पीक कुठून आलं म्हटलं की भूगोल. बी फोडून आतला कोंब बघायचा, माती चाळून बघायची, कीड पकडून बघायची. पुस्तकांना पैसे नसलेल्या शाळेला याहून स्वस्त अभ्यासक्रम मिळणार नव्हता.

यामागे थोडा हिशेबही होता. बापाला त्याच्या शेतात काय लावायचं हे सांगायची सोय नव्हती, कारण ते त्याच्याही हातात नव्हतं. पण पोराने शाळेतून मूठभर बी आणि अर्धवट कळलेली का होईना पण एक युक्ती घरी नेली, तर आईच्या हातून घराच्या कडेला चार रोपं लागू शकत होती. कार्व्हर यांची भिस्त आयांवर होती, हे त्यांच्या पत्रिका वाचल्या की कळतं. १९१६ ची भुईमुगावरची पत्रिका घ्या. त्यात लागवड थोडक्यात आहे आणि पुढे खाण्याचे १०५ प्रकार. टोमॅटोवरच्या पत्रिकेत ११५. त्याच १९१६ मध्ये शेतकऱ्याने दिवसाला तीन वेळा चांगलं कसं जेवावं यावर आणखी एक पत्रिका आली, आणि तिच्यात जेवणाच्या याद्याच दिल्या आहेत. कृषी संशोधन केंद्राचा शास्त्रज्ञ आज काय करू या आयांच्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर देतोय, असं दुसरं उदाहरण त्या काळात शोधावं लागेल.

अशा ४४ पत्रिका निघाल्या. भाषा सोपी, साहित्य घरातलंच. कारण वाचणारा एखादाच असायचा आणि बाकीचे ऐकणारे.

पण जो वाचू शकत नाही आणि टस्कीगीला येऊही शकत नाही, त्याचं काय? आधी कार्व्हर सुट्टीच्या दिवशी गाडीला खेचर जुंपून स्वतःच गावोगाव फिरायचे. मग १९०६ मध्ये न्यूयॉर्कचे बँकर मॉरिस जेसप यांच्या पैशातून एक खास घोडागाडी बांधली गेली, तिचा आराखडा कार्व्हर यांनी काढला होता. नांगर, लोणी काढायची यंत्रं, बियाणं, तक्ते, सगळं गाडीवर लादलेलं. कुणाच्या तरी अंगणात ती उभी राहायची, शेजारपाजारचे जमायचे आणि तिथेच प्रात्यक्षिक. पहिल्याच उन्हाळ्यात महिन्याला २,००० च्या आसपास लोकांपर्यंत ती पोहोचली. टस्कीगीचेच विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल ती चालवू लागले. पुढे घोडागाडीची मोटार झाली आणि तिच्यात नर्स आणि घरकाम-स्वयंपाक शिकवणारी बाईही बसू लागली. १९२३ च्या गाडीसाठी तर अलाबामातल्या हजारो कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून वर्गणी काढली. ज्यांच्याकडे दुकानाची उधारी फेडायला पैसे नव्हते, त्या लोकांनी.

आणि तिकडे आफ्रिकेत

याच टस्कीगीचा आफ्रिकेशी संबंध आला, पण तो उलट दिशेने.

टोगो तेव्हा जर्मनीची वसाहत. जर्मन गिरण्यांना कापूस हवा होता. त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे माणसं मागितली आणि १९०१ च्या सुरुवातीला जेम्स कॅलोवे यांच्या नेतृत्वाखाली टस्कीगीची ४ माणसं टोगोत उतरली. तिथले एवे शेतकरी कापूस लावायचेच, पण मका, कंद अशा खाण्याच्या पिकांमध्ये मिसळून. जर्मनांना तो निर्यातीसाठी, त्यांच्या पद्धतीने हवा होता. चौघांपैकी जॉन रॉबिन्सन तिथेच राहिले, नोत्से इथे त्यांनी कापूस शाळा चालवली आणि १९०९ मध्ये नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला.

म्हणजे ज्या संस्थेत एक प्राध्यापक अलाबामाच्या लोकांना कापसातून बाहेर काढायला धडपडत होता, तीच संस्था आफ्रिकेतल्या लोकांना कापसाकडे न्यायला मदत करत होती. वॉशिंग्टन यांना यात आपल्या लोकांच्या कौशल्याचा मान दिसला असेल. पण जर्मन सरकारने या प्रयोगाचा वापर सक्तीच्या शेतीकडे जाण्यासाठी केला, हेही खरं आहे.

वॉशिंग्टन आणि कार्व्हर यांचं आपसातही फार जमायचं नाही. वॉशिंग्टन शिस्तीचे. कोंबड्यांचा हिशोब लागत नाही, वेळेवर अहवाल येत नाही म्हणून ते कार्व्हर यांना सुनवायचे. कार्व्हर राजीनाम्याची धमकी द्यायचे आणि जायचे कुठेच नाहीत. व्यवस्थापक म्हणून कार्व्हर खरोखरच कच्चे होते. पण भुईमुगाच्या बाबतीत त्यांनी वॉशिंग्टन यांना जेवणाच्या टेबलावरच गाठलं, असा किस्सा सांगतात. मुलींच्या पाकशास्त्राच्या वर्गाकडून सूपपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं जेवण शेंगदाण्याचं करून घेतलं आणि पाहुण्यांना सांगितलं ते जेवण झाल्यावर. १९१५ मध्ये वॉशिंग्टन गेले तेव्हा याच कार्व्हर यांना त्यांचं जाणं फार लागलं.

भुईमुगाने त्यांना प्रसिद्ध केलं. कापसाच्या बोंडावरच्या सोंडकिड्याने कापूस उद्ध्वस्त केला तेव्हा शेतकऱ्यांना दुसरं पीक हवंच होतं. १९२१ मध्ये आयात करासाठी कार्व्हर अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहिले. १० मिनिटं मिळाली होती, पण सभासद त्यांना पुढे बोलत राहा म्हणत गेले. तिथून वर्तमानपत्रांना शेंगदाण्याचा जादूगार मिळाला आणि शाळेमागचा वाफा बातमीतून गेला तो गेलाच.

तिकडे भारतातही त्यांचं नाव पोहोचलं होतं. गांधीजींचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज १९२९ मध्ये टस्कीगीला गेले होते. कार्व्हर यांनी गांधीजींसाठी आहाराच्या सूचना दिल्या, पत्रिकाही पाठवल्या. गाईम्हशीचं दूध सोडलेला एक माणूस आणि भुईमुगाचं दूध काढणारा दुसरा. दोघांचं जमणारच होतं.

आता अवघड प्रश्न. हे सगळं कितपत उपयोगी पडलं?

ज्यांच्या नावावर थोडी जमीन होती किंवा जे रोख खंड भरायचे, त्यांना कार्व्हर यांच्या सल्ल्याचा फायदा झाला. पण बटाईने कसणाऱ्या सगळ्यात गरीब कुटुंबांपर्यंत तो फार कमी पोहोचला, आणि नेमक्या त्यांच्यासाठीच तर तो होता. त्यांना बागेचं ज्ञान कमी नव्हतं, बागेपुरती जागा कमी होती. कितीतरी लोकांनी शेवटी वाफा केला नाही, गाव सोडलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचे लोंढे उत्तरेतल्या कारखान्यांकडे निघाले.

जमीन कुणाच्या नावावर आहे, यावर कार्व्हर जाहीरपणे कधी भांडले नाहीत. मालकांविरुद्ध बोलले नाहीत, राजकारणापासून लांब राहिले. यासाठी त्यांच्यावर टीका झाली आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही. पण त्या अलाबामात भांडणाऱ्याला झाडाला लटकवलं जायचं, हेही विसरून चालणार नाही. त्यांनी मालकाच्या परवानगीशिवाय होईल तेवढं शोधलं. कुंपणाच्या कडेची माती, जंगलातल्या पानांचं खत, शाळेचं आवार.

आणि जिथे तेवढीही जागा नव्हती, तिथे रानभाजी. लावायची नाही, फक्त ओळखायची आणि खुडायची. दुसरं महायुद्ध सुरू असताना, १९४२ मध्ये, त्यांनी खाण्यायोग्य रानभाज्यांवर पत्रिका काढली. त्यातली एक भाजी आपण चांगली ओळखतो. अमेरिकेत तण म्हणून उपटून टाकतात तो चाकवत. मरायाहबाईंकडे शिकलेली पानं साठ-पासष्ट वर्षांनी पुन्हा कागदावर आली होती.

पगारवाढीच्या मागे कार्व्हर कधी लागले नाहीत. आलेले धनादेश महिनोन्‌महिने खोलीत पडून असायचे. आयुष्यभराची बचत, सुमारे ६०,००० डॉलर, त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीत त्यांचं निधन झालं. त्यांना पुरलं ते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी, शाळेच्याच आवारात.